उद्याचा भाव

मास्तरीण कधी कुठल्या शाळेत शिकवत नव्हती. ती सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहायची. पण कुणाच्या ईमेलमध्ये चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं. आणि गंमत बघा, त्या ऑफिसातली सगळ्यात मोठी चूक केली ती हिनेच.

काम तसं सरळ होतं. एका क्रिप्टो नाण्याच्या बदल्यात दुसरं किती मिळेल, तो भाव सांगणारं टूल कंपनीने बनवलं होतं. भाव विचारणार होते एआय एजंट, म्हणजे लोकांच्या वतीने व्यवहार करणारे प्रोग्राम. त्यांनी कसं विचारायचं, रक्कम कशी लिहायची, ते मास्तरणीने उदाहरणांसकट लिहायचं. प्रत्येक प्रश्नासोबत एजंटाने एका ओळीत कारण द्यायचं, असाही नियम होता.

"माणूस पुस्तिका वाचत नाही म्हणून वाचतो," इंजिनिअर म्हणायचा. "एजंट अक्षरन् अक्षर वाचतो आणि तसंच करतो. सांभाळून लिही गं बाई."

सांभाळणं भागच होतं. तीन महिन्यांच्या परीक्षेवर घेतलेली नोकरी, आणि हीच पुस्तिका म्हणजे परीक्षा. आई आपलं शिवणकाम आवरून, मशीन विकून तिच्यासोबत राहायला आली होती. "परत जायची वेळ आणू नकोस हं," आई हसत म्हणायची. पण त्या हसण्यात काय आहे ते पोरीला कळत होतं.

मंगळवारी दुपारी चारला पुस्तिका जाहीर व्हायची होती. अकराच्या सुमाराला तिने सहज नोंदवही उघडली, म्हणजे टूलला आलेल्या प्रश्नांची यादी. ती कोरी असायला हवी होती, कारण अजून एकही एजंट जोडलेला नव्हता. पण यादीत एक ओळ होती.

रक्कम: एकावर सहा शून्यं. कारण: "काल शंभरपट गेलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून आधी विचारतो."

तारीख होती बुधवारची. वेळ दहा वाजून वीस मिनिटं.

तिने खुर्ची सरकवून इंजिनिअरला हाक मारली. "ही थट्टा तुझी ना?"

"माझी? अगं, सर्व्हर सकाळपासून बाहेरच्या जगाला बंद आहे." त्याने वाकून पाहिलं आणि मान खाजवली. "घड्याळ बिघडलं असेल."

"घड्याळ बिघडलं तर प्रश्न कुठून येईल?"

इंजिनिअर पाणी प्यायला म्हणून उठला तो बराच वेळ आला नाही.

मास्तरीण भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. शून्यांवर मात्र होता. या टूलमध्ये रक्कम नाण्याच्या सगळ्यात बारीक तुकड्यांत लिहावी लागे. कुठल्या नाण्याचे दहा लाख तुकडे, म्हणजे सहा शून्यं. कुठल्याचे दहा कोटी, म्हणजे आठ. तिने आपलं उदाहरण काढलं आणि पेन्सिलीचं टोक पडद्याला टेकवत मोजायला लागली. सहा, सात, आठ.

आठ! सहाच्या जागी आठ! आधीच्या उदाहरणावरून उचललं आणि नाणं तेवढं बदललं. एखाद्याने म्हणावं, माझं एक नाणं बदल, आणि एजंटाने मुकाट्याने शंभर बदलावीत. नोकरी तर गेलीच असती, पण कुणाकुणाची आयुष्यभराची पुंजी घेऊन गेली असती.

तिने दोन शून्यं खोडली. मग उरलेली एकोणीस उदाहरणं बोट ठेवून तपासली. चारला पुस्तिका जाहीर झाली.

बुधवारी दहाला ती आणि इंजिनिअर एकाच पडद्यासमोर बसले. एजंटांचे प्रश्न धडाधड येत होते आणि रकमा सगळ्या बरोबर होत्या. दहा वीस झाले. दहा एकवीस.

काहीच झालं नाही.

"सुटलो बाबा!" इंजिनिअर म्हणाला, आणि दोघं वेड्यासारखी हसली. मग त्याने कालची ओळ शोधली. ती नव्हती. त्या नोंदवहीतून ओळ खोडायची सोयच नव्हती, तरी नव्हती.

"नसली तर नसली," मास्तरीण म्हणाली. "मी काही तिची चौकशी करणार नाही."

दुपारी मॅनेजर बाईंनी तिला बोलावलं. एकही तक्रार नाही म्हणाल्या, आणि कायम झाल्याचं पत्र हातात ठेवलं. जिना उतरताना तिला रडू आलं. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घरी आईने पत्र दोनदा वाचलं. "आता नवं मशीन घेऊ," म्हणाली. "खिडकीपाशी ठेवू, उजेड चांगला आहे." लगेच टेप घेऊन भिंत मोजायला लागली, आणि मोजता मोजता गुणगुणायला लागली. संध्याकाळचं ऊन अजून जमिनीवर होतं. मास्तरणीने पाय वर घेतले आणि आपली पुस्तिका किती एजंटांनी वाचली ते बघावं म्हणून लॅपटॉप मांडीवर घेतला.

हजारावर प्रश्न आले होते. सगळे बिनचूक. शेवटी एक ओळ होती, शुक्रवारच्या तारखेची.

रक्कम बरोबर होती. शून्यं बरोबर होती.

कारण: "पुस्तिकेबद्दल एक शंका आहे. लिहिणाऱ्या बाईंकडून कालपासून उत्तर नाही."

काल म्हणजे उद्या.

"अगं, हे टोक धर जरा," आई खिडकीजवळून म्हणाली.

ती उठली नाही. यादीत खाली आणखी एक ओळ उमटत होती, त्याच शुक्रवारची, पहिलीनंतर दोन मिनिटांची.

कारण: "घरी फोन केला. आईंनी उचलला. बोलल्या नाहीत."