वाळ्याचं माप

हुपरीत चांदीचे वाळे-पैंजण घडवणाऱ्या गणपतरावांना पाय दिसला की माप सुचे. लग्नातसुद्धा नवरीच्या तोंडाकडे ते नंतर बघत.

सून क्रांती शाळेत विज्ञान शिकवायची. शिवाय मेव्हण्याचीच लेक, म्हणजे घरचीच. पाचव्या महिन्यात कोल्हापुरात सोनोग्राफी झाली आणि बाळाच्या उजव्या नडगीचं हाड वाकडं दिसलं. डॉक्टरीणबाईंनी क्रांती आणि तिचा नवरा विश्वजित, दोघांचंही रक्त तपासायला पाठवलं. नात्यातलं लग्न, एकच दोष दोघांच्या रक्तात गुपचूप बसला असेल, तर तो बाळाला दोन्हीकडून मिळू शकतो. एकाकडूनच आला तर त्रास नाही.

"आमच्यात कुणाचा पाय वाकडा न्हाय," गणपतराव म्हणाले. "हां, डोस्की हायेत."

घर रिपोर्टची वाट पाहत होतं. गणपतरावांनी मात्र सोनोग्राफीच्या फोटोवर कंपास लावला आणि बाळाचे वाळे घडवले. दोन्ही गोल, गुळगुळीत.

"जन्माआधी वाळं करत्यात व्हय?" त्यांची बायको धोंडुबाई कडाडली.

"मामा, फोटोतलं माप खरं नसतं," क्रांती म्हणाली.

"फोटूचं नसंल, पोरी. माझं असतंय."

रिपोर्ट आला. दोष क्रांतीत होता, विश्वजितमध्ये नव्हता. पुन्हा सोनोग्राफी केली, तर दोन्ही पाय सरळ!

"आधी फोटोचा कोन चुकला असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

विश्वजितने येताना इतके पेढे घेतले, की कुठली निवडणूक जिंकली, असं दुकानदाराने विचारलं.

घरी गणपतरावांनी कौतुकाने वाळ्यांचा डबा उघडला. किल्ली त्यांच्याच करदोट्याला असायची. कापसात एक वाळा गोल होता. दुसऱ्याला बाक आला होता. फोटोतल्या हाडाला होता, तसाच.

"थांबा, आत्ता गोल करतो की."

त्यांनी वाळा ऐरणीवर धरला, कडेचा टवका उडालेली जुनी हातोडी उचलली आणि एक ठोका दिला.

स्वयंपाकघरात क्रांतीच्या हातून पेढा पडला. पोटात एक पाय झटकन आखडला होता.

हातोडी पुन्हा वर गेली.

"मामा," ती आतूनच म्हणाली, "खाली ठेवा."

त्यांनी ठेवली.

नात राजनंदिनी आता अंगणभर पळते. दोन्ही पाय सरळ, सुरेख. वाकडा वाळा कापसातच आहे. गणपतराव तो नुसता पुसतात, तेही फुंकर घालून. पोरीच्या उजव्या नडगीवर एक जन्मखूण आहे. निळसर, वाटोळी.

कडेला टवका उडालेली.