मागच्यांनी सुचवलेलं

वाफेचं मशीन परत द्यायला मी जाऊबाईंकडे गेले होते. बाळीची सर्दी ओसरली होती. मशीन पुसून पिशवीत घातलं, तिला कडेवर घेतलं आणि उन्हं कलल्यावर निघाले. मशीन आपलं निमित्त. मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती आणि ती कशी विचारावी, तेच कळत नव्हतं.

आधी जाऊबाईंबद्दल सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. त्या पडदे शिवून देतात. समोरच्या खोलीत मोठं कापायचं टेबल, चारी बाजूंनी टांगलेले तयार पडदे, शिलाई मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास. रविवारी दुपारी ते टेबल रिकामं व्हायचं आणि तिथे सोंगांचा खेळ रंगायचा. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, ज्याला सगळे लंबू म्हणतात, औषधाच्या दुकानातले काका आणि मी. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. लंबू भाडोत्री शिपाई, काका जादूटोणा जाणणारे वैद्य आणि मी बुरुजावर एकटी राहून दिवा पेटता ठेवणारी दिवेवाली. काय करायचं ते आम्ही सांगायचं, फासा टाकायचा आणि पुढे काय झालं ते जाऊबाई सांगणार. तिथला डोंगर, शहर, राजा, पाऊसपाणी, सगळं त्यांच्या डोक्यात.

काय सांगतात त्या! आवाज चढवत नाहीत. नुसतं म्हणतात, "वारा पडलाय..." आणि भर दुपारी अंगावर काटा येतो. मी सातवीपर्यंत शिकले, पण गोष्ट कशाला म्हणतात ते त्या टेबलाशी बसून कळलं.

त्यांच्या त्या शहरात सगळ्यात भारी काय असेल, तर 'मागचे'. त्यांना कोणी पाहिलेलं नाही. राजाला वाटतं मी राज्य करतो, सेनापतीला वाटतं मी लढतो, आणि सूत्रं सगळी मागच्यांच्या हातात. हुकूम द्यायचा नाही, अंगात यायचं नाही. माणसाच्या डोक्यात एक विचार ठेवून द्यायचा, तोही त्याच्याच आवाजात. त्याला वाटतं, हे मलाच सुचलं.

"आणि ते निवडतात काळजीखोरांना," जाऊबाईंनी एकदा सांगितलं होतं. "काळजी करणाऱ्याच्या डोक्याचं दार कधी नीट लागतच नाही."

तेव्हा लंबू माझ्याकडे बघून म्हणाला होता, "वहिनी, मग तुमच्याकडे तर चोवीस तास उघडं." सगळे हसले. मीही हसले. खोटं कुठे होतं? बाळी शिंकली तरी माझा जीव खालीवर होतो. ती गाढ झोपली की नाकाशी बोट धरून बघते. आमचे हे म्हणतात, तू तिला सुखानं झोपूसुद्धा देत नाहीस.

खेळाचा आणखी एक नियम. जो आला नाही, त्याची सोंगटी जाऊबाई स्वतःजवळ ठेवतात. त्या दिवशी त्याला मागचे चालवतात. वाफेचं मशीन परत द्यायला गेले, त्याच्या आदल्या रविवारी बाळीच्या सर्दीमुळे मी गेले नव्हते.

त्या दुपारी हे कामावर होते. आभाळ भरून आलेलं, त्यात लाइट गेली. बाळी आतल्या खोलीत लोखंडी पाळण्यात झोपली होती, मी तिथेच खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. मनात आलं, हिला इथून हलव.

आवाज माझाच. मी स्वतःलाच दटावलं, की आत्ताशी कुठे डोळा लागलाय पोरीचा. पुन्हा आलं... हलव. आत्ता.

मी दुपट्यासकट तिला उचललं, स्वयंपाकघरात नेऊन निजवलं आणि मागे फिरून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. दार कशाला लावलं, ते आजही सांगता यायचं नाही.

थोडा वेळ शांत गेला. मग आतून पाळण्याची करकर ऐकू आली.

बाळी असली की तो पाळणा बारीक कुरकुरतो. हा आवाज जड होता. एखादं थोराड माणूस बेतानं बसावं, तसा. दाराच्या फटीतून वास आला, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीचा. करकर हळूहळू लयीत आली. कोणीतरी झोके घेत होतं. मी बाळीला छातीशी धरून ओट्याला टेकून उभी राहिले, थेट हे येईपर्यंत.

यांनी दार उघडलं तर पाळणा गप्प उभा. चादर तेवढी मधोमध खोल दबलेली. हे म्हणाले, वारा असेल, आणि पाळण्याच्या कड्यांना तेल घातलं. खिडकी बंद होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

खरं सांगू? मी घाबरले, पण त्याहून जास्त मला भरून आलं. ते जे काही आत आलं होतं, ते आलं तेव्हा माझी लेक तिथे नव्हती. कोणीतरी मला वेळेवर सुचवलं होतं. त्या कोणाचे तरी पाय धरावेसे वाटत होते.

म्हणून जाऊबाईंना विचारलं, "ताई, रविवारी माझ्या दिवेवालीनं काय केलं?"

त्या पडद्याला दुमड घालत होत्या. म्हणाल्या, त्यावरून तर भांडण झालं. मागच्यांनी दिवेवालीला सुचवलं, बाळाला खोलीतून हलव. तिनं हलवलं, दार लावलं. त्यावर लंबू उसळला, की बुरुजावर ती एकटी असते, बाळ आलं कुठून? काकांनीही त्याचीच री ओढली. शेवटी जाऊबाईंनी चूक कबूल केली आणि डाव पुढे नेला.

"मग सांगितलंत कशाला?"

"काय माहीत गं," त्या म्हणाल्या. "सुचलं मला."

शिलाई मशीनचं चाक थांबलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, हसल्या नाहीत. बाळी टांगलेल्या पडद्याचं टोक ओढत होती, ते त्यांनी तिच्या मुठीतून हळूच सोडवलं.

"त्यांनी वाचवलं ना हो हिला?" मी विचारलं.

चुरगळलेलं टोक सारखं करत त्या म्हणाल्या, "माझ्या खेळात मागच्यांनी आजवर कोणाला वाचवलेलं नाही. त्यांना जागा हवी असते. तिथलं माणूस तेवढं हलवतात."

"जागा... कोणासाठी?"

"ते मी अजून ठरवलेलं नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मला वाटायचं, मीच ठरवते."

तेव्हापासून बाळी माझ्या कुशीत झोपते. पाळणा आतल्या खोलीत आहे, दाराला कडी. हे म्हणतात, चांगली वस्तू गंजत ठेवलीस. जाऊबाईंनी खेळ बंद केलाय. लंबू दोनदा विचारून गेला, तर पडद्यांची घाई आहे म्हणाल्या.

काल दुपारी बाळीला मांडीवर थोपटत बसले होते. उजेड मंद होता, घरात सामसूम. मनात आलं, ठेव की आता हिला पाळण्यात. बाई गं, मांडीला रग लागली. काही होत नाही. उगाच काळजी.

हुबेहूब मी! 'बाई गं' म्हणताना मी जो सुस्कारा सोडते, तोसुद्धा होता. मी थक्क झाले. जाऊबाईंनाही जमलं नसतं, इतकं बेमालूम. एकाच ठिकाणी मागच्यांचा हात चुकला. 'उगाच काळजी' हे मला सगळं जग म्हणतं, मी स्वतःला जन्मात कधी म्हटलेलं नाही.

पकडलं, असं वाटून मला जरासं हसूही आलं. बाळीला घट्ट धरावं म्हणून हात आवळायला गेले, तेव्हा कळलं की मी बसलेले नाही. मी आतल्या खोलीत उभी होते. कडी काढलेली, दार उघडं, आणि माझे दोन्ही हात बाळीला घेऊन पाळण्यावर वाकलेले.

पाळण्यातली चादर पुन्हा दबलेली होती. पण या खेपेला मधोमध नाही, एका कडेला. जे कोणी होतं ते अंग चोरून सरकलं होतं, आणि शेजारी बाळीपुरती जागा सोडली होती.