ठमाकाकूचा रकाना

तिसरी क्वेरीही रिकामी आली, तेव्हा मृदुला टिपणीसला रडू आवरेना. काचेपलीकडे तिचा नवरा रघुवीर अपघातापासून निपचित पडला होता. त्याच्या मेंदूला लावलेला स्मृतिवाचक आठवणी तक्त्यांत मांडून दाखवायचा. चेहऱ्यांचा तक्ता वेगळा, नावांचा वेगळा. त्यातून हवं ते काढायचं तर नेमका प्रश्न, म्हणजे क्वेरी, लिहावी लागे. दुसऱ्याच्या मनात डोकावायची मुभा कायद्यानं फक्त जवळच्या नातलगाला होती, म्हणून टीव्हीच्या रिमोटलाही बिचकणारी मृदुला क्वेरी शिकायला बसली होती. रघुवीर माणसं ओळखतो, असा अहवाल दुपारपर्यंत वैद्यकीय मंडळापुढे गेला नाही तर यंत्रं बंद होणार होती.

"विसरला का हो तो मला, डॉक्टर?"

"नाही हो," डॉ. इनामदार म्हणाल्या. "तुम्ही चेहरा नावाशी जोडताय आणि जुळलेल्याच ओळी मागताय. मार लागून जोड तुटलेत, मग काय मिळणार? चेहऱ्यांच्या सगळ्या ओळी मागा. नाव असो वा नसो."

पडदा मृदुलाच्या चेहऱ्यांनी भरून गेला. रागावलेली, तापानं फणफणलेली, पोळी करपवून हसणारी. नावाचा रकाना कोरा होता, पण शेजारच्या 'हाक' या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द होता: ठमाकाकू. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून तो तिला हेच म्हणून चिडवायचा. मृदुला रडता रडता हसली.

"हाच धागा धरा. हाकेवरून नाव जोडा," डॉक्टर घाईघाईनं म्हणाल्या. "आठवण बाहेर काढली की मेंदू ती शेवटच्या क्वेरीत जशी मांडली तशी नव्यानं ठेवून देतो. आता ती जोडासकट परत जाईल. शुद्धीवर येतील ते!"

नाव जुळलं. राहिली अहवालाची मांडणी, तीही क्वेरीतूनच करायची. मंडळ एका पानापलीकडे वाचत नसे, म्हणून मृदुलानं वास गाळले, गाणी गाळली, भांडणं गाळली. मग 'हाक' आली. चार मोठ्या डॉक्टरांपुढे हे ठमाकाकू प्रकरण? तिला भलतंच ओशाळल्यासारखं झालं. तिनं तोही रकाना काढला आणि अहवाल पाठवला.

यंत्रं चालू राहिली. काही दिवसांनी रघुवीरनं डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मृदुला टिपणीस. माझ्या पत्नी. आपलं लग्न अलिबागला झालं."

डॉक्टरांनी टाळी वाजवली. मृदुला मात्र थांबून राहिली.

"आणखी?"

"एवढंच."

इनामदारांचा चेहरा उतरला. "अहवालात होतं... तेवढंच परत ठेवलं गेलं," त्या पुटपुटल्या.

"मग घाला ना तो रकाना परत! मी लिहिते, आत्ता लिहिते!"

"कुठून काढणार, मृदुलाताई? आता आत काही नाही."

मृदुलानं त्याचा हात घट्ट धरला. खोलीत नर्स होत्या, मंडळाचे डॉक्टर होते. तिला कुणाचीच लाज वाटली नाही.

"रघू, अरे, मी ठमाकाकू! तुझी ठमाकाकू!"

पाहुण्यांकडे बघून हसावं तसा तो हसला.

"त्या बाहेर थांबल्यात का? बोलवा ना त्यांना आत."