स्पीडोमीटरची तार

शेवटी दाजी रडले. पण तसं काही झालंच नाही, असं देवबागातल्या त्या घरात ठरलं आहे. तुम्हीही तसंच धरा.

रविवारी सकाळी त्यांनी कुडाळला भाचीला फोन लावला. भाची प्राजक्ता पोलिसात.

"प्राजू, बेगीन ये! मंगेशान तार चोरल्यान!"

तार म्हणजे जुन्या फियाटच्या स्पीडोमीटरची. कित्येक वर्षं तुटलेली केबल बदलायला नवी प्राजक्तानेच आणून दिली होती. मंगेश मेकॅनिकने ती कालच बसवली. आज गाडी चालवली तरी काटा शून्यावर. वरची नळी जागच्या जागी, आतली तार गायब.

मंगेश अंगणात रडकुंडीला आला होता. "ताई, वरचो नट हातान सुटता, तार ओढली की येता. पण ती ग्रीसान माखलेली. माका तिचो काय उपेग? गावात आता माका कोण गाडी देतलो?"

"काल घरात कोण होता?" प्राजक्ताने विचारलं.

"मी, तुझी मामी आणि मांजर," दाजी म्हणाले.

सुगंधामामी तारेत ओवलेले मोरी माशाचे तुकडे उन्हात टांगत होती. "माका गाडीतला काय कळता? मी नुसती बाजूक बसतंय."

"बसून काय करतस?"

"भियातंय. हळू चालवा, ऐंशी झाले, म्हणतंय."

दाजींची छाती फुगली. याच ऐंशीच्या गाडीला गेल्या महिन्यात एक सायकलवाली मागे टाकून गेली होती. तिने वळून हातही केला होता.

मांजर मोरीजवळ गेलं. हुंगलं. तोंड फिरवून निघून गेलं.

प्राजक्ताने उठून टांगलेल्या तारेवर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"मांजर मोरी सोडता कधी? ग्रीसाचो वास इलो म्हणान सोडल्यान. मंगेशान चोरूक नाय. मामी, ही तार तूच काढलंस."

मामी खाली बसली. "काटो खरा बोललो असतो गो. ह्यांचो पाय आता पंचविसाच्या वर जायत नाय. ह्यांका कित्याक कळूक होया?"

दाजी पाठ फिरवून डोळे पुसू लागले; बाकीच्यांनी मोरीकडे बघितलं. प्राजक्ताला वाटलं, तार मामीने काढली खरी, पण गुन्हा आपण भेट म्हणून आणला.

"मंगेशा, चुकलंय रे. बस, चाय घे," दाजी म्हणाले. मग त्यांनी कागद मागवला आणि शुद्ध मराठीत लिहिलं:

"मा. परिवहन अधिकारी यांस: सदर वाहनचालकाचे वय विचारात घेऊन, सदर वाहनापुरता किलोमीटर लहान करून मिळावा, ही नम्र विनंती."