ट्रेलरमधला कंदील

लोडशेडिंगने आज बरी वेळ साधली. मेणबत्ती राहू दे मीनाक्षी, गोष्ट अंधारातच ऐकायची असते. आणि जयंता, तू असा पुढे ये. उद्या तू जीपला ट्रेलर जोडून गणपती आणणार, आणि मागे मूर्तीजवळ कुणाला तरी बसवणार म्हणतोस. आधी हे ऐक. आमच्या दिगंबरच्या बाबतीत घडलेलं आहे, गोदीच्या वर्कशॉपमधल्या. खोटं सांगून या वयात मला काय मिळायचंय?

सन चौऱ्याहत्तर. हरतालिकेची रात्र, सव्वाअकरा. दिगंबर स्वतःची जीप घेऊन कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत, मूर्ती आणायला निघाला होता. दिवसा कलकत्त्यातल्या ट्रॅम आणि हातगाड्यांच्या गर्दीतून ट्रेलर काढणं मुश्कील, म्हणून आपल्या मंडळाची मूर्ती रात्रीच यायची. शेजारी बसला होता मंडळाचा सेक्रेटरी जयप्रकाश. वर्षभर दोघांत विस्तव जात नव्हता.

मूर्ती एकटी आणायची नाही, कुणीतरी पाटाला हात लावून बसायचं, ही आपली पद्धत. आदल्या वर्षी जयप्रकाशच्या जीपमागे असा बसला होता दिगंबरचा धाकटा भाऊ मुकुंद. ट्रेलरला मागचा दिवा नव्हता, म्हणून त्याच्या हातात कंदील दिलेला. साखळीही नव्हती. का, तर म्हणे एवढंसं तर जायचंय! खिदिरपूरच्या पुलाच्या चढावर जोडणीची खीळ उडाली. ट्रेलर सुटला, मागे घरंगळला आणि मागून येणाऱ्या लॉरीखाली गेला. मुकुंद जागच्या जागी गेला. सव्वीस वर्षांचा होता रे! आणि मंडळाच्या वहीत या जयप्रकाशने काय लिहावं? 'मुकुंदास डुलकी लागली व कंदील विझला.' झालं! मेलेल्या माणसाच्या माथी मारलं आणि स्वतः नामानिराळा. दिगंबरच्या आईने अंथरूण धरलं. "माझा मुकुंद झोपला नव्हता," एवढंच ती म्हणत राही. दिगंबरला फक्त एक हवं होतं. ते वाक्य जयप्रकाशने स्वतःच्या हाताने खोडायचं.

म्हणून चौऱ्याहत्तरला त्याने सभेत ठणकावून सांगितलं, "मूर्ती मी आणणार. आणि तू माझ्या शेजारी बसणार. बघ, ट्रेलर कसा ओढतात ते."

खिळीला त्याने कुलूप घातलं. दांड्याखालून दोन साखळ्या, एकमेकींवरून फुली करून. मागे लाल दिवा आणि नंबराची पाटी. ट्रेलरची तळाची फळीसुद्धा त्याच आठवड्यात नवी ठोकलेली. कुमारटुलीत त्याने मूर्ती चाकांच्या किंचित पुढे ठेवली, भोवती पेंढा भरला आणि चारी बाजूंनी दोर आवळले.

"आणि हात लावून कोण बसणार?" जयप्रकाशने चाचरत विचारलं.

"कुणी नाही!" दिगंबर खेकसला. "देवाला दोर पुरतो. मेलेला माणूस परत येत नाही."

स्ट्रँड रोडवर चिटपाखरू नव्हतं. दिगंबर हळूहळू चालवत होता. हेस्टिंग्जच्या चौकात हवालदाराने हात केला.

"पीछे आदमी क्यों बिठाया? मना है, मालूम नहीं?"

"कौन आदमी?"

"वो... लालटेन लेकर बैठा है."

दिगंबर उतरला. मागे मूर्ती. पेंढा. दोर. बाकी कुणी नाही. हवालदार एक पाऊल मागे सरकला आणि त्याने नुसतंच 'जा' म्हणून हात हलवला.

गाडी निघाली. थोड्या वेळाने वास आला. रॉकेलचा.

"तुला येतोय?" जयप्रकाश म्हणाला.

दिगंबरने नुसता गिअर बदलला.

तोच पूल आला. चढ लागला. आरशात पिवळा उजेड पडला. डावीकडे... उजवीकडे... पुन्हा डावीकडे...

"थांबव, दिगंबर..."

"चढावर? नाही."

मागे भोंगा. मग टायरांची किंकाळी. मग... काहीच नाही.

दिगंबरने हँडब्रेक ओढला आणि धावला. लॉरी ट्रेलरपासून हातभर अंतरावर उभी होती. ड्रायव्हर खाली उतरला होता.

"बाबूजी, आपकी लाल बत्ती बंद है! वो तो आपका आदमी लालटेन हिलाता रहा, नहीं तो मैं चढ़ा देता." त्याने ट्रेलरमध्ये डोकावलं. "किधर गया वो?"

ट्रॅमच्या रुळांवरच्या धक्क्यांनी दिव्याची तार निसटली होती. एवढी काळजी घेऊनही.

जयप्रकाश पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसला.

"त्या कंदिलात तेलच नव्हतं... निघताना मुकुंद म्हणाला होता, भरून घेतो. मी म्हटलं उशीर होतोय, बस मुकाट्याने. तो झोपला नव्हता, दिगंबर. ट्रेलर सुटला तेव्हा मला हाका मारत होता..."

दिगंबरने त्याची गचांडी धरली. खाली काळं पाणी. एक झटका पुरला असता. सबंध वर्षाचा राग त्या मुठीत होता, आणि माझं विचाराल तर मी तो झटका दिलाही असता.

"माझी आई वर्षभर रडतेय," तो म्हणाला. "चल. तिच्यासमोर बोल. मग वही उघड."

रात्री अडीच वाजता जयप्रकाश म्हातारीच्या पायाशी बसून सगळं बोलला. वहीतलं वाक्य त्याने खोडलं आणि खाली सही केली. दिगंबरचा राग काही गेला नाही. तो आजही त्याच्याशी बोलत नाही, आणि चांगलं करतो.

पहाटे मूर्ती उतरवली. पेंढा झाडला. मूर्ती जिथे होती त्याच्या मागच्या बाजूला, नव्या फळीवर एक ओलं कडं होतं. कंदिलाच्या बुडाएवढं. रॉकेलचं.

दिगंबरने ती फळी उचकटून घरी ठेवली. चार वर्षं झाली. फळी उन्हात ठेवून पाहिली, राखेने घासून पाहिली. परवा त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा मी त्या कड्यावरून बोट फिरवलं.

हे बोट तीनदा साबणाने धुतलंय. इकडे ये जयंता... घे वास.