भट्टीतली ओली साळुंकी

"ओली हाय! वेणूताई, साळुंकी ओली हाय!" नवसू ओरडला.

"घामानं झाली असंल," वेणू म्हणाली. मान वर करायचाही तिला कंटाळा आला होता.

"साळुंकीला घाम येतो काय गो?"

मे महिन्याची टळटळीत दुपार. वैशाखरे गावाच्या अलीकडे, मुरबाडच्या रस्त्याला लागून असलेल्या जुन्या दारूभट्टीच्या धुराड्याखाली तिघं टेकली होती. बारा वर्षांची वेणू, तिचा धाकटा भाऊ नवसू आणि सुट्टीला कल्याणहून आलेला आतेभाऊ कमळाकर. वेणूचा हंडा शेजारी होता. सकाळपासूनची ही तिसरी खेप. गावची विहीर आटली होती. नदीत खड्डा खणायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि कोसभर उन्हात चालत यायचं. सुट्टी कसली, नुसती पायपीट!

वरच्या फुटक्या खिडकीत बसलेल्या साळुंकीनं पंख झाडले. एक थेंब टपकन कमळाकरच्या नाकावर पडला.

"पाणी!" तो ताडकन उठला. "आणि गार आहे!"

भट्टीत पाणी? वेणूनं आता मात्र मान वर केली.

गावातल्या म्हाताऱ्यांचा या भट्टीवर भारी जीव. एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्याला खूण सांगायची तीसुद्धा "धुराडं दिसलं की उतरा." मोहाच्या फुलांच्या गाड्यांची रांग थेट धसई गावापर्यंत कशी लागायची, भोंगा कसा वाजायचा, वास कसा सुटायचा, हे पारावर रोज संध्याकाळी नव्यानं सांगितलं जाई. दारूबंदी आली, सरकारनं कुलूप घालून लाखेचं सील ठोकलं आणि दहा-अकरा वर्षांत त्याला कुणी बोट लावलं नाही. नसती बला कोण ओढवून घेणार! आता मात्र रस्त्याच्या मोरीला विटा हव्या होत्या. उद्या सकाळी रस्त्याच्या कामावरचा देवजी मुकादम भट्टी पाडून तिच्यातली खोलगट 'गार खोली' दगडांच्या डबरानं भरून टाकणार होता. सरपंचही "पाडा एकदाची" म्हणून मोकळे झाले होते.

धुराडं राहो की पडो, वेणूला त्याचं फारसं काही नव्हतं. काल नदीच्या चढावर आई हंड्यासकट घसरली होती. गुडघा टरारून सुजला होता, तरी पहाटे ती निघालीच होती. वेणूनं भांडून तिच्या खेपा आपल्याकडे घेतल्या होत्या. आई आणखी एकदा पडली तर? हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत होता.

"झिपरूआजाला विचारू," ती म्हणाली.

झिपरूआजा मोहाच्या झाडाखाली भट्टीकडे तोंड करून बसला होता. उभी हयात त्यानं तिथं जाळ घालण्यात घालवली होती.

"आजा, भट्टीत पानी व्हतं काय?"

"पानी? अगो, भट्टीत दारू व्हती! पयल्या धारंची! बारा कोसांवरनं मानसं..."

"पण आजोबा," कमळाकरनं मध्येच तोंड घातलं, "वाफ गार केल्याशिवाय दारू होईल कशी? आमच्या गुरुजींनी प्रयोग करून दाखवला होता. म्हणजे पाण्याचा, दारूचा नाही!"

"तं काय! घरच्या चुलीवर काढली तरी वरचं पानी सात येळा बदलाया लागतं. पानी तापलं की माल गेला!"

"मग एवढ्या मोठ्या भट्टीला गार पाणी कुठून यायचं?"

म्हाताऱ्यानं भट्टीच्या भिंतीकडे निरखून पाहिलं.

"मी जाळावर व्हतो रे," तो हळूच म्हणाला. "गार खोलीत माल निघं, तिथं आमाला जायला बंदी. दुपारचं आमी तिच्या भितीला पाठ लावून बसायचो. वैशाखात पन भित गार लागं! कशी गार लागं, ते... कदी कुनी इचारलंच नाय."

तिघं धावत मुकादमाकडे गेली. देवजी मुकादम तोंडावर टॉवेल टाकून सावलीत आडवा झाला होता.

"काका, भट्टीत पाणी आहे!"

"दारूच्या भट्टीत पानी!" टॉवेलखालून आवाज आला. "पोरांनो, तीन रात्री उकाड्यानं डोळ्याला डोळा नाय. पळा!"

"तुम्ही आत बघितलंत का पण?"

"विटा भाइरनं मोजता येतात." आणि त्यानं कूस बदलली.

"झालं! मोठ्या माणसांचं हे असं!" कमळाकर पुटपुटला.

मागच्या बाजूला करवंदीच्या जाळीआड गार खोलीची भिंत ढासळली होती. काटे चुकवत तिघं आत सरपटली आणि थबकलीच! केवढा गारवा! तांब्याच्या नळ्या सरकारनं तेव्हाच नेलेल्या, पण बंद दाराच्या पुढ्यातच जमिनीत दगडी हौद शाबूत होता. भिंतीतल्या भाजलेल्या मातीच्या नळीतून करंगळीएवढी धार हौदात पडत होती आणि तळाच्या भोकातून जमिनीत नाहीशी होत होती.

"झऱ्याचं पाणी! डोंगरातून आणलंय!" कमळाकर नाचू लागला. नवसूनं थेट धारेला तोंड लावलं.

वेणू नाचली नाही. तिला आधी राग आला. आई इतकी वर्षं नदीपर्यंत मरमर चालत होती, आणि हे पाणी घराजवळ फुकट वाहत होतं. म्हाताऱ्यांना दारू तेवढी आठवली, पाणी कुणालाच आठवलं नाही! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हंडा भरून नेऊन दाखवू!" नवसू म्हणाला.

"नदीवरनं आनला म्हनतील." वेणूनं डोळे पुसले आणि तळाच्या भोकाकडे पाहिलं. "दाखवायला हौदच भरला पायजे. कमळाकर, शर्ट काढ."

"माझा? नवा आहे! सुट्टीसाठी शिवलाय!"

"तुझा शर्ट मोठा का तुझ्या मामीचा गुडघा?"

कमळाकरनं मुकाट्यानं शर्ट काढला. शर्टाचा बोळा भोकात गच्च बसला, वर चिकणमाती थापली. धार पडत राहिली.

सकाळी घण घेतलेले मजूर जमले. म्हातारेही आले होते, जणू शेवटचं दर्शन घ्यायला. वेणू गार खोलीच्या सीलबंद दारात आडवी उभी राहिली. बोळा निसटला असेल तर?

"काका, आधी आत बघा, मग पाडा!"

"बघतो बाय, बघतो!" जांभई देत मुकादमानं सरकारी परवानगीचा कागद दाखवला, सील फोडलं आणि दार ढकललं. बाहेर लख्ख ऊन, आत काळोख. पुढे काय आहे ते न बघताच त्यानं पाऊल टाकलं.

छपाक!

"मेलो! अरे, मेलो!" मुकादम कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. टोपी तरंगत होती. मजुरांची हसून हसून मुरकुंडी वळली.

"भाइरनं मोजलेलं काय, काका?" नवसूनं विचारलं.

मुकादमानं हात उगारला, पण मग तो खाली आणला. तिथंच तो गळ्यापर्यंत पाण्यात बसला. "पाच मिन्टं थांबा रे," तो डोळे मिटून म्हणाला. "मग सरपंचांना बोलवा. हितं डबर टाकलं तर पाप लागंल."

तासाभरात बायका हंडे-कळश्या घेऊन नळीशी रांगेत उभ्या राहिल्या. मुकादम ओल्या कपड्यांनीच सरपंचांशी बोलला. विटा दुसरीकडून येतील, भट्टी राहील, हौद घासून पुन्हा भरायचा, असं ठरलं. सरपंच खाकरत म्हणाले, "पोरांनी आमचे डोळे उघडले!"

झिपरूआजानं वेणूच्या डोक्यावर हात ठेवला. "आमी नुसता वास काढीत बसलो गो. खरा माल तू काढलास!"

आई नळीशी वाकली. ओंजळीनं पोटभर पाणी प्यायली, सुजलेल्या गुडघ्यावर थोडं घातलं आणि वेणूचा चेहरा ओल्या हातानं पुसला.

दुपारी कमळाकर उघड्या अंगानं अंगणात आला. "मामी! माझ्या शर्टाचं काय?"

"शू!" वेणूनं ओठांवर बोट ठेवलं.

ओटीवर आई झोपली होती. शेजारी घरातले तिन्ही हंडे भरलेले. उन्हाळ्याच्या दुपारी आईला झोपलेलं वेणूनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. ती तिच्या शेजारी आडवी झाली, आणि तिलाही लगेच झोप लागली.