नियमात न बसणारी बाई

राज्य इमारत सुरक्षा आयोगावर अभियंता लागतो, वास्तुविशारद लागतो, अग्निशमन दलातला माणूस लागतो. त्यांचा तोटा कधीच नसतो. घोडं अडायचं ते चौथ्या खुर्चीपाशी. तिथं असा साधा रहिवासी हवा होता, ज्याचं राहतं घर कोसळलेलं आहे. अमरावतीच्या कचेरीत उमेदवारांची छाननी करणारा इंजिनिअर गजेंद्र या अटीपायी पार वैतागला होता. सकाळपासून आलेल्यांत एकाची नुसती गच्ची गळत होती आणि दुसऱ्याचं कुंपण पडलं होतं. खुर्ची मात्र दोघांनाही हवीच होती.

जेवणाच्या सुट्टीआधी पार्बताबाई आली. अकोल्याच्या जुन्या शहरात फुलं विकणारी. मांडीवर ओल्या फडक्यात झेंडूच्या माळा, केसांत चुन्याची भुकटी. येताना कुठं रंगकाम चाललं असेल, असं गजेंद्रला वाटलं.

"घर कोणतं तुमचं?"

"खुशाल भवन. पुरं बसलं, सायेब."

गजेंद्रचा पेन थांबला. अकोल्यातल्या त्याच खुशाल भवनात दुसऱ्या मजल्यावर त्याची लेक प्राजक्ता सासरी नांदत होती. सकाळीच तिच्याशी बोलणं झालं होतं.

"तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"बाहीरच होती. मंग माळा घ्याले आत गेली."

बाईचा काहीतरी घोळ होत असणार. तो शक्य तितक्या मऊपणानं म्हणाला, "बाई, ती इमारत उभी आहे. तुम्ही नियमात बसत नाही."

तिला राग आला नाही.

"नाई बसत? मंग बाहीर बसतो," म्हणाली आणि दाराबाहेरच्या बाकावर जाऊन टेकली.

गजेंद्रनं पुढच्या उमेदवाराला बोलवायचं म्हणून घंटीवर हात ठेवला, पण मन काही लागेना. शेवटी त्यानं लेकीला फोन लावला.

"बाबा, काहून घाबरून राहिले?" प्राजक्ता हसली. "सगळं बरं आहे. दरवाजा तेवढा सकाळपासून लागत नाही. चौकट तिरपी झाल्यासारखी वाटते."

चौकट उगाच तिरपी होत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"खाली कोणी पार्बताबाई राहते का?"

"फुलवाली मावशी? हे काय, ओट्यावर माळा गुंफून राहिली."

उघड्या दारातून बाकावरचं फडकं दिसत होतं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"सगळ्यांले बाहेर काढ. मावशीलेही. आत्ताच्या आत्ता!"

फोन चालूच राहिला. जिन्यावर चपला वाजल्या, शेजाऱ्यांची कुरकुर झाली, मग रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.

"निघालो, बाबा. सगळे."

गजेंद्रला रडूच आलं.

"मावशी?"

"इथंच होती. माळा राहिल्या म्हणून आत..."

"थांबव तिले!"

प्राजक्तानं मारलेली हाक त्याला ऐकू आली.

मग तो आवाज. बराच वेळ.

मग लेकीचा खोकला, आणि रडणं. लेक जिवंत होती.

पार्बताबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"सायेब," तिनं अदबीनं विचारलं, "आता बसतो का मी?"